आधी मेन बंद, मग पायथन

वायसरमामांना त्या नावाने हाक मारणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं आणि उरलेल्यांना ते आठवत नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या देखभाल विभागात ते प्लंबर होते. तक्रार पुरती ऐकायच्या आधीच ते म्हणायचे, वायसर गेला असेल. नळाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं निघायचं, म्हणून जिभेला वळण पडलं. मग लिफ्ट अडकली, साहेब चिडले, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी मामांचं निदान तेच.

माणूस कामाला चोख. त्यांचा एकच नियम होता. मेन बंद केल्याशिवाय जोडाला पाना लावायचा नाही. वरच्या मजल्यावरची साधी तोटी बदलायची असली तरी मामा सगळे जिने उतरून तळघरात जात, मेनचं लाल चाक घट्ट फिरवत, त्यावर पत्र्याची पाटी अडकवत, ‘काम चालू आहे. व्हॉल्व्ह उघडू नये.’ मग पुन्हा सगळे जिने चढत. आजकालची पोरं चालू लाइनवर अंगठा दाबून धरतात, दुसऱ्या हाताने काम उरकतात आणि मग भिंत, छत आणि खालच्या रोग्याची गादी भिजवून ठेवतात. मामांनी उभ्या जन्मात कुणाची गादी भिजवली नव्हती.

त्या जिन्यांनीच गुडघ्यांची वाट लावली. हाडांच्या डॉक्टरांना मामांनी स्वतःच सांगितलं, वायसर गेलाय. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, अगदी तसंच झालंय, फक्त याला बाजारात पार्ट नाही.

त्याच सुमारास साहेबांनी प्रत्येक मजल्यावर पाण्याचे नवे मीटर बसवले. कुठे किती पाणी गेलं याचे आकडे ते थेट कॉम्प्युटरवर पाठवायचे. आकडे ढिगाने यायला लागले आणि ते बघायला कुणी नव्हतं. तेव्हा साहेबांनी हुकूम काढला. विभागात पायथनचा क्लास होईल. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. ती शिकून जे परीक्षेत पास होतील ते मीटरच्या खोलीत खुर्चीवर बसतील. ज्यांना जिने चढवत नाहीत आणि भाषाही येत नाही, त्यांनी वेळेआधी निवृत्ती घ्यावी. हे सांगताना साहेबांनी मामांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

मामांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. मामांचं घरी बसणं काय असतं हे तिने पाहिलं होतं. गुडघ्यासाठी एकदा लांब रजा मिळाली होती. त्या रजेत मामांनी घरातलं जे जे स्क्रूने बसवलेलं होतं ते ते उघडून बघितलं. टेबलफॅन आता फक्त भिंतीकडे तोंड करून फिरायचा. शिलाई मशीन छान चालायचं, पण उलटं शिवायचं.

"तुम्ही पास व्हा," बायको म्हणाली. "नाहीतर मी भावाकडे राहायला जाते. अभ्यासाला काय लागेल ते सांगा, मी तक्रार करणार नाही."

धमकी आणि आधार एकाच दमात मिळाले. मामांनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला आणि बाबांनी तो उघडून बघू नये, म्हणजे झाकण सोडून दुसरं काही उघडू नये, असं आईला बजावलं.

क्लास घ्यायला एक तरुण बाई आल्या. मामांच्या लेकीच्याच वयाच्या, आवाज शांत, चुकलेल्याला हसायची सवय नाही. त्यांनी सांगितलं की आधी मशीनमध्ये पायथन बसवायचं, मग त्यात लायब्ररी बसवायच्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेलं काम. एक आकड्यांचे तक्ते करते, दुसरी आलेख काढते. मामांनी विचारलं, म्हणजे तयार पार्ट का. बाई म्हणाल्या, हो, तसंच समजा. मामांना बरं वाटलं. परकी भाषा असली तरी खातं ओळखीचं होतं.

दोघांत एक कॉम्प्युटर होता. मामांच्या वाट्याला वायरमन आला. वायरमन कामाला चपळ, बोलायला त्याहून चपळ, आणि एकदा कीबोर्डवर हात ठेवला की उचलायचा नाही. त्याची आणि मामांची जुनी कुरबूर होती. वायरमनला चालू लाइनवर काम करण्याचा अभिमान होता. तुमच्यासारखं दर वेळी मेन पाडत बसलो तर इथली ऑपरेशनं मेणबत्तीवर करावी लागतील, असं तो म्हणायचा. मामा म्हणायचे, म्हणूनच तुझे केस उभे आहेत.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी प्रत्येकाला एक पेनड्राइव्ह दिला. पायथन त्यातून बसेल, म्हणाल्या, लायब्ररी मात्र घरी एक ओळ टाइप करून मागवून घ्या. ‘पिप इन्स्टॉल’, त्यापुढे पार्टाचं नाव, आणि एंटर. ‘मागवून घ्या’ हे शब्द मामांच्या कानावर पडले, पण कामाच्या माणसाचं लक्ष अशा वेळी ‘बसवा’ या शब्दावर असतं.

रविवारी मामांनी टेबल रिकामं केलं. त्यावर वर्तमानपत्र अंथरलं. लॅपटॉप फडक्याने पुसला. टेबलाखाली बादली ठेवली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग ते हातांवर हात चोळत उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं होतं ते केलं. या मशीनमध्ये लाइन कुठून येते ते शोधलं. दारामागे भिंतीवर इंटरनेटची पांढरी पेटी होती, बाहेरून आलेली तार तिच्यात शिरत होती. म्हणजे मेन हीच. मामांनी तिचं बटण बंद केलं, सगळे दिवे विझल्याची खात्री केली आणि तिच्यावर पुठ्ठ्याची पाटी अडकवली. मजकूर तोच.

आत बायको मोबाइलवर मालिका बघत होती. मालिकेतल्या सुनेने दाराच्या कडीला हात घातला आणि चित्र तसंच थिजलं.

"अहो, नेट गेलं."

"गेलं नाही. बंद केलंय. काम चालू आहे."

तक्रार करणार नाही असं तिने कबूल केलं होतं. तिने मोबाइल उलटा ठेवला.

पेनड्राइव्हवरचं पायथन पहिल्या फटक्यात बसलं. मामांनी दोन अधिक दोन विचारले, उत्तर चार आलं. त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, एवढ्यासाठी माझी मालिका बंद केली होय, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर आशा होती.

मग मामांनी पार्टाची ओळ टाइप केली. एंटर. मशीन थोडं थबकलं आणि अर्धा पडदा लाल अक्षरांनी भरला. इंग्रजी बारीक होतं आणि बरंच होतं. मामांनी ओळ अक्षर अक्षर तपासली. बरोबर होती. पुन्हा दिली. पुन्हा लाल. मग त्यांनी पायथनच काढून टाकलं आणि पुन्हा बसवलं, कारण गळका जोड वरून चोळून सुधारत नाही, उघडून नव्याने बांधावा लागतो. पुन्हा लाल. शेवटी ते उठून दारामागे गेले. पेटी नीट बंद होती, पाटी जागेवर होती. म्हणजे त्या बाजूने काही चूक नव्हती.

क्लासमध्ये बाईंनी विचारलं, सगळ्यांचं बसलं का. बाकी सगळे हो म्हणाले. मामा म्हणाले, भाषा बसली, पार्ट बसत नाहीत, लाल येतं. बाईंना वाटलं, लॅपटॉप जुना आहे. त्यांनी दोन-तीन उपाय सांगितले आणि घेऊन या, मी बघते, असंही म्हणाल्या. वायरमन म्हणाला, माझं तर एका झटक्यात बसलं. तुझं सगळं झटक्यातच होतं, असं म्हणून मामांनी विषय संपवला. लेकीच्या वयाच्या मुलीसमोर आपलं न बसलेलं फिटिंग नेऊन ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. उपाय त्यांनी सगळे करून पाहिले. दर वेळी आधी मेन बंद करून.

मग त्यांनी ठरवलं. बाजारात पार्ट मिळत नसेल तर हाताने करायचा. तरुणपणी पाइपला आटे हातानेच पाडले होते, एक एक फेरा मोजून. बाईंनी सुरुवातीच्या दिवसांत नुसती भाषा शिकवली होती. एकच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, अमुक असेल तर हे आणि नसेल तर ते कसं सांगायचं. तेवढ्या सामानावर मामा रोज संध्याकाळी बसायला लागले. फाइलमधली ओळ वाचायची, स्वल्पविरामापाशी तोडायची, आकडा वेगळा काढायचा, बेरजेत घालायचा. इतरांचं जे चार ओळींत व्हायचं त्याला मामांना दोन-दोन संध्याकाळी लागत. त्यात हुशारी नव्हती, कष्ट होते, आणि तेही नको त्या जागी घातलेले. पण अंग चोरलं नव्हतं.

मामा टेबलाशी बसले की मेन बंद, म्हणून घरात त्या महिन्यात संध्याकाळचं नेट नव्हतंच. बायको शेजारणीकडे जाऊन मालिकेत पुढे काय झालं ते ऐकून यायची. शेजारीण आपल्या मनाचं घालून सांगायची, त्यामुळे सुनेला दोन सासरे झाले होते. बायकोने तेही सोसलं. मामा पडद्याकडे बघून पुटपुटायला लागले की ती पावलं न वाजवता चालायची. माहेरची बॅग मात्र तिने माळ्यावरून काढून, झटकून, पलंगाखाली ठेवली होती. वेळेवर धावपळ नको.

आलेखापाशी मामा अडले. चित्र काढायचा पार्ट नव्हता. शेवटी त्यांनी चांदणीचं चिन्ह घेतलं. पाणी जितकं, तितक्या चांदण्या एका ओळीत छापायच्या. एक चांदणी किती पाण्याला, हा पुढचा प्रश्न. हजार लिटरला एक घेतली असती तर सुटसुटीत झालं असतं. पण वरचं सुटं पाणी सोडून द्यायचं हे मामांच्या मनाला पटेना. त्यांनी बादलीला एक चांदणी ठरवली.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाने आपला लॅपटॉप आणायचा होता. साहेब स्वतः पुढच्या खुर्चीत बसले, शेजारी बाई. काम एकच. तिसऱ्या मजल्याची महिन्याची फाइल घ्यायची आणि रोज किती पाणी गेलं त्याचा आलेख काढून दाखवायचा. वायरमनने चार ओळी टाइप केल्या. निळे खांब ताठ उभे राहिले. तो खांदे उडवत जागेवर गेला.

मामांची पाळी आली. त्यांनी एंटर दाबलं.

चांदण्या यायला लागल्या. पहिल्या दिवसाच्या चांदण्यांनी पडदा भरला, दुसरा दिवस सुरू झाला, पहिला वर पळून गेला. चांदण्या खालून वर धावत राहिल्या. साहेबांनी आधी चष्मा पुढे केला, मग मागे केला, मग काढला. वायरमनने खोकला काढला. बऱ्याच वेळाने धावणं थांबलं आणि पडद्यावर फक्त महिन्याच्या शेवटच्या दिवसाची संध्याकाळ उरली.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे.

"पाणी आहे, साहेब. बादलीला एक."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मामांचा प्रोग्राम उघडला आणि खाली सरकत राहिल्या. तो संपता संपेना. साहेबांचं तोंड हळूहळू लांब होत गेलं. मामांना ते चिन्ह माहीत होतं. कुणाच्याही निवृत्तीच्या कागदावर सही करताना साहेबांचं तोंड असंच व्हायचं. पलंगाखालची बॅग डोळ्यांसमोर आली.

बाई म्हणाल्या, मामा, हे सगळं तुम्ही हाताने लिहिलंत, आकडे बरोबर आहेत, पण लायब्ररी का घेतली नाही. मामा म्हणाले, बसत नाही. बाई म्हणाल्या, आत्ता माझ्यासमोर बसवून दाखवा, काय येतं ते बघू. साहेब म्हणाले, बसली तर ठीक, नाहीतर माझ्याकडून जेवढा वेळ द्यायचा तेवढा दिलाय.

मामा एक मिनिट म्हणाले आणि बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, भीतीने लघवीला गेले असतील. वायरमनने तसं हळूच बोलूनही दाखवलं. मामा परत आले, फडक्याला हात पुसले, ओळ टाइप केली. लाल अक्षरं आली.

"बघा. दर वेळी हेच."

बाईंनी लाल अक्षरं वाचली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी तीच ओळ आपल्या लॅपटॉपवर देऊन बघितली. तिथेही लाल. वायरमनने आपल्यावर दिली. लाल. तेवढ्यात साहेबांचा कारकून धावत आला. वरच्या मोठ्या साहेबांची मीटिंग मध्येच थिजली होती, मोठे साहेब तोंड उघडं टाकून पडद्यावर अडकले होते, आणि अख्ख्या विभागाचं नेट गेलं होतं.

वायरमन बघायला कॉरिडॉरमध्ये गेला. काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग धप्प असा आवाज आला. लोक बाहेर आले तर वायरमन भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोट वर होतं. नेटच्या पेटीचे दिवे विझलेले होते आणि तिच्यावर पत्र्याची पाटी डुलत होती. काम चालू आहे. व्हॉल्व्ह उघडू नये.

साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं. मामांनी लगेच सांगितलं, मी. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"पण का?"

"चालू लाइनवर मी कधी काम केलेलं नाही, साहेब. इथे नाही आणि घरीही नाही."

बाईंनी भिंतीचा आधार घेतला. हसू नये म्हणून त्या थोडा वेळ छताकडे बघत होत्या. मग मामांजवळ येऊन सावकाश म्हणाल्या, "मामा, पार्ट त्याच लाइनमधून येतात."

मामा उभेच राहिले. महिनाभराच्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तोडलेले स्वल्पविराम, मोजलेल्या चांदण्या, दोन सासरे. मग ते म्हणाले, "म्हणजे मी मेन बंद करून नळाखाली बादली धरून बसलो होतो."

"महिनाभर," वायरमन जमिनीवरून म्हणाला. "आणि वर पाटीसुद्धा लावून."

कारकुनाने पेटी चालू केली. दिवे लागले. वरून मोठ्या साहेबांचा आवाज पुन्हा ऐकू आला, अर्ध्या शब्दापासून पुढे. सगळे खोलीत परतले. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं, आता बसवा.

मामांनी ओळ टाइप केली आणि एंटरपाशी बोट थांबलं. लाइन चालू होती. ती भरलेली आहे हे त्यांना जणू पाइपवर हात ठेवल्यासारखं जाणवत होतं. त्यांनी बाईंना जरा मागे सरकायला सांगितलं. साहेबांना पाय खुर्चीवर घ्यायची विनंती केली आणि साहेबांनी, नंतर त्यांनी हे नाकारलं तरी, पाय घेतले. मामांनी डाव्या हातात फडकं धरलं, तोंड बाजूला वळवलं, आणि हात लांब करून एंटर दाबलं.

काही फुटलं नाही. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. पांढरी अक्षरं आली, लाल एकही नाही. मामांनी एक डोळा उघडला. बाई म्हणाल्या, बसलं. मामांनी लॅपटॉपच्या खाली बोट फिरवून बघितलं. कोरडं होतं.

पुढचं त्यांना पाठ होतं, वायरमनच्या खांद्यावरून महिनाभर बघितलेलं. चार ओळी टाइप केल्या. खांब उभे राहिले, निळे, ताठ, एका पडद्यात मावणारे. मामा त्यांच्याकडे बघत राहिले. एवढ्या कष्टांच्या मानाने ते फारच पटकन आले होते आणि त्याबद्दल त्यांना थोडा रागही आला.

साहेबांनी बाईंना मत विचारलं. बाई म्हणाल्या, यांना तयार पार्ट आता बसवता येतो, आणि पार्ट नसला तर हाताने करता येतो, फक्त पडदा मोठा लागेल. पास. साहेबांनी पाय खाली घेतले आणि मान डोलावली. सोमवारपासून मीटरच्या खोलीत खुर्ची. अट एकच, कॉरिडॉरमधल्या पेटीला हात लावायचा नाही.

मामांनी विचारलं, आणि तिथे कधी काम निघालं तर.

"तरीही नाही," साहेब म्हणाले.

मामांनी गुडघ्यांचा विचार केला, घराचा विचार केला आणि अट मान्य केली.

घरी दार उघडायच्या आधीच बायकोने चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मामांनी सांगितलं, पास. ती मटकन खुर्चीत बसली. जीव भांड्यात पडला असावा, कारण लगेच उठून तिने चहा टाकला आणि मग एकेक करून विचारायला लागली. सकाळी किती वाजता निघायचं, ते पूर्वीसारखंच. संध्याकाळी परत यायचं, तेही पूर्वीसारखंच. मामांनी नेटच्या पेटीचंही सगळं खरं सांगून टाकलं. एका महिन्याची मालिका उगाच गेली हे ऐकून तिने कपाळाला हात लावला, पण आज तिला तेही चाललं.

चहा ओतताना तिने विचारलं, खुर्चीचं काम म्हणजे शनिवारीही असेल ना. मामा म्हणाले, नाही, खुर्चीवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते. इतकी वर्षं शनिवारीही जिने चढलो, आता दोन-दोन दिवस घरी.

बायकोने गाळणं हातात तसंच धरून थोडा विचार केला.

"त्या बाईंना विचारा," ती म्हणाली, "शनिवारी त्या आणखी एखादी भाषा शिकवतात का."